ह्यूस्टनहून दिसलेला सातपुड्याचा वणवा

राम राम मंडळी. सागाची पानं गळून पायाखाली कुरकुर वाजायला लागली की आपल्या सातपुड्यात वणव्याचे दिवस आले समजायचं. वनखातं धरतं 15 फेब्रुवारी ते 15 जून. पण आज बोलायचंय ते बाहेरदेशी गेलेल्या आपल्या पोरांबद्दल, जी तिकडे बसून इकडची आग बघत असतात.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. उन्हाळ्यात उठल्याउठल्या चहाच्या आधी तो नासाची फर्म्स नावाची साईट उघडतो, त्यात उपग्रहाला आग दिसेल तिथे नकाशावर लाल ठिपका येतो. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी पाचला त्याचा फोन, तिकडे सकाळचे साडेसहा. म्हणे, "मामा, तीन ठिपके आहेत, एक मनुदेवीच्या देवळाच्या वर डोंगरात आणि दोन आपल्या शिवारात, नानांच्या बांधाशी!" मी धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर चढलो, डोंगराकडे नुसती धूळ अन् ऊन, पण नानांच्या शेतात धूर. जाऊन बघतो तर नाना दुपारपासून पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे ढीग पेटवून निंबाखाली निवांत बसलेले. मी फोन स्पीकरवर टाकला, झालं, नाना उखडले. "हा अमेरिकेतून माझ्या बांधावर नजर ठेवतो? उद्या बिडी पेटवली तरी दिसंल का याला?" तिकडून भाचा, "बिडी नाही हो नाना, पऱ्हाट्या दिसल्या."

आता पऱ्हाट्यांचं निघालंच म्हणून सांगतो, त्या अशा शेतात जाळून टाकणं मला बघवत नाही. बामणोदचं वांगं भाजायला दुसरं काय लागतं हो? गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणणाऱ्याच्या घरी मी जेवत नाही, बायको म्हणते म्हणूनच तुम्हाला कोणी बोलवत नाही. असो.

तर तो तिसरा, डोंगरातला ठिपका. मी 1926 ला, म्हणजे वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टला फोन करून सांगितलं. अंधार पडला तरी आम्हाला गावातून काही दिसेना, कारण मधे पुढचा डोंगर आडवा. पहाटे पाचला परत भाचा, त्याची संध्याकाळ. "मामा, एकाचे पाच झाले, अन् सगळे एका रांगेत, वरच्या धारेला. नानांचे दोन्ही गेले." मग आमच्या वनरक्षक भाऊंना उठवलं, दहा-बारा पोरं निघाली, आणि पुढे कोण, तर नाना! अर्ध्या वाटेत म्हणतात, लाव त्याला फोन, विचार कोणत्या बाजूनं चढू. भाचा ओरडला, "नाना, हे चित्र रात्री दीडचं आहे, आत्ताचं नाही! भाऊ सांगतील तिकडून जा!" पहाटे वारा पडलेला असतो म्हणून बरं, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत अन् पुढचा पाला ओढून पट्टा मोकळा करत दहाच्या आत आग आटोक्यात आली. दुपारी तीच आग चढाला लागली असती तर अशी पळते की माणूस मागं राहतो.

तर परदेशातल्या मंडळींनो, नाना जे विसरले ते ध्यानात ठेवा. हा उपग्रह साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला डोक्यावरून जातो, आणि ठिपका साईटवर यायला तीनेक तास लागतात. पुन्हा सांगतो, दुपारी दीड, रात्री दीड. मधे लागून विझलेली आग त्याला दिसतच नाही, ढग आले तरी दिसत नाही. आणि एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, जवळपास 35 एकर, तेवढं सगळं जळलं असं नाही, त्यात कुठेतरी आग आहे एवढंच. एकटा ठिपका शिवारात असेल अन् पुढच्या फेरीला गेला तर बहुतेक पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट. डोंगरात एकाचे चार होऊन रांग धरली, तर घरी फोन करा. आईला घाबरवू नका, जो डोंगराकडे जाऊन बघू शकतो त्याला करा.

मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातूनही वणवे लागतात, खरंय. पण सगळं खापर आदिवासींवर फोडू नका, मनुदेवीला जाऊन चूल तशीच धुमसत टाकून येणारे गाडीवाले कुठले असतात ते आपल्याला माहितीये.

आणि 1926 ला सांगताना नुसतं "डोंगर पेटला" म्हणू नका, जवळचं गाव, नाला, देऊळ काय असेल ते सांगा, भाच्याकडून ठिपक्याच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे आले असतील तर तेही द्या. चला, बातम्यांची वेळ झाली, राम राम.