वाड्यात एक मुक्काम

नमस्कार श्रोतेहो. माझी हयात बांधकामावर गेली. त्यामुळं कुठंही मुक्कामाला गेलो की आधी भिंत बोटानं वाजवून बघतो. परवा साताऱ्यातल्या एका पेठेत राहिलो, तेव्हाही तेच केलं. जुना वाडा, आता त्याचं बुटीक हॉटेल झालंय. सात खोल्या, मधे चौक, ओसरीवर झोपाळा, दिंडी दरवाजाला तेल पाजलेलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, काही हरवलं का?" म्हटलं, "नाही गं, आत चुना आहे का सिमेंट, ते ऐकतोय."

चुना होता. मला तिथंच बरं वाटलं.

जुन्या वाड्याची भिंत म्हणजे विटा, पांढरी माती आणि पोटात सागवानी खांब. ती पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत ठणठणीत, आतला खांब मात्र कुजत असतो. इथल्या गवंड्यानं चुना भिजवून मुरवला, त्यात सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. त्याला हवा लागते, वेळ लागतो. मालकाला उद्घाटनाची घाई असेल तर त्यानं या वाटेला जाऊ नये.

खरी कसोटी न्हाणीघराची. वाड्यात ती परसात असायची, आता पाहुण्याला खोलीला लागून हवी. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि पाट्यांच्या, माडीवर फरशी घालून पाणी ओतलं तर पाट्या कुजल्याच म्हणून समजा. इथं मागच्या अंगाला वेगळे लोखंडी खांब उभे करून त्यावर न्हाणीघरं घेतलीत. जुन्या भिंतीवर भार नाही, नळही सगळे बाहेरून. फक्त खोलीतून तिकडं जाताना वीतभर पायरी चढावी लागते. रात्री दिवा न लावता गेलो, अंगठा ठेचला. असो.

शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज, त्यांना 1708 साली राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झालं. राजधानी गेली तरी इमारतींना नवे बिऱ्हाडकरू मिळत राहिले. राजवाड्यातच पुढं शाळा भरायची. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं, ते त्याच शाळेत. म्हणून वाड्याचं हॉटेल झालं यात मला काही वावगं वाटत नाही. कुलूप लागलेल्या वाड्यात आधी कौल सरकतं, मग पाणी, मग वाळवी. रोज कुणी झाडलोट करणारं असलं की सरकलेलं कौल त्याच दिवशी दिसतं.

माझी तक्रार एवढीच, की रात्री उशीवर चॉकलेट ठेवलं होतं. साताऱ्यात! कंदी पेढा चार पावलांवर मिळत असताना! आणि भिंतीवरच्या देवळीत पणतीऐवजी रंग बदलणारा दिवा. सकाळी मी तो बंद केला, तेव्हा देवळीच्या कमानीवरची जुनी काजळी दिसली. ती कुणी घासली नव्हती, हे उत्तम झालं.

निघताना समोरच्या वाड्यातल्या आजी दारात उभ्या होत्या. मला हॉटेलचाच माणूस समजल्या असाव्यात. म्हणाल्या, "त्या चुन्याच्या गवंड्याला आमच्याकडं धाडता का? माजघराची भिंत फुगलीय." मी चपला काढल्या आणि भिंत वाजवायला आत गेलो.