बी आफ्रिकेची, गर वेंगुर्ल्याचा

(दृश्य: वेंगुर्ला तालुक्यातला एक काजू कारखाना. अंगणात पोत्यांची थप्पी.)

या पोत्यांतली काजू बी ना मातोंड गावची, ना तुळस गावची. ती आली आहे पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून, कंटेनरनं. दाणा बारीक आहे. शेजारी आपली ‘वेंगुर्ला सात’ ही टपोऱ्या बीची जात ठेवली, की कुठली कोणती ते विचारावं लागत नाही.

तसं काजूचं झाडही परकंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं, आणि कोकणच्या कातळावर ते असं रुजलं की आज कुणी त्याला पाहुणं म्हणणार नाही.

विसाव्या शतकात भारताचा काजूव्यापार एका साध्या हिशोबावर चालला. आफ्रिकेतून बी घ्यायची, इथे फोडून-सोलून गर अमेरिका-युरोपला विकायचा. आयात होती ती निर्यातीसाठी. मधली मजुरी आपली. 1990 च्या दशकात मोझांबिकनं जागतिक बँकेच्या दबावाखाली कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवला. तिथली बी भारताकडे वळली आणि तिथले कारखाने बंद पडले. आपल्याकडे ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

मग पारडं फिरलं. 2006 च्या सुमारास गराच्या निर्यातीत व्हिएतनाम भारताच्या पुढे गेला. बी त्यांनीही आफ्रिकेचीच घेतली, पण फोडणी-सोलणी यंत्रावर नेली. दहा-बारा वर्षांपूर्वी भारतातून वर्षाला 1 लाख टनांहून जास्त गर बाहेर जायचा. आता हा आकडा त्याच्या बराच खाली आहे.

म्हणजे धंदा बसला? नाही. गर आता आपणच खातो. जगात सगळ्यात जास्त काजू भारतात खपतो: कतलीत, पनीरच्या रश्शात, दिवाळीच्या डब्यात. बोटी अजूनही येतात, फक्त त्यातला माल पूर्वीइतका परत बोटीवर चढत नाही.

(दृश्य: फोडणीचं यंत्र, बायकांचे हात.)

वाफवलेली बी पात्यांच्या मधे धरायची, पायानं पेडल दाबायचं, टरफल उघडलं की गर अलगद सुटतो. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला आधी गोडंतेल नाहीतर राख. पुढे गर भट्टीत सुकतो, वरची तांबूस साल निघते आणि प्रतवारी होते. ‘320’ म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 दाणे. ‘180’ त्याहून टपोरा, भाव चढा. दाणा मोडला की पाकळी, आणखी मोडला की तुकडा. एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते. नफा-तोटा इथे, या हातांत ठरतो.

आता बागेत चला. कोकणातली बी मार्च ते मे या काळात पडते. टांझानियाचं पीक ऑक्टोबरपासून निघतं, ते बागायतदाराला फारसं आड येत नाही. उलट आपली बी संपल्यावर कारखाने त्यावर चालतात. दुखणं पश्चिम आफ्रिकेचं. तिथला हंगाम फेब्रुवारी ते जून, म्हणजे नेमका आपला. बागेत बी वेचणं चालू असतानाच व्यापारी तिकडचा भाव सांगतो आणि इकडचा दर पाडून मागतो.

त्यामुळे बागायतदार म्हणतो आयातशुल्क वाढवा, कारखानदार म्हणतो काढूनच टाका. कच्च्या बीवर 2018 च्या अर्थसंकल्पात ते 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आणलं गेलं. तयार गराचं धोरण नेमकं उलटं: 2019 मध्ये अख्ख्या गरासाठी किलोला 720 रुपये आणि तुकड्यासाठी 680 रुपये अशी किमान आयात किंमत ठरली. कारखान्याला कवच मिळालं, बागेला नाही. 2024 च्या हंगामासाठी राज्य सरकारनं काजू बीला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केलं. नको कशाला, पण तो दर नव्हे.

खरा फरक कदाचित दिल्लीतून नाही, आफ्रिकेतूनच पडेल. 1 एप्रिल 2024 पासून बेनिननं कच्ची काजू बी देशाबाहेर पाठवणं बंद केलं. आयव्हरी कोस्टही आपल्याच भूमीवर कारखाने वाढवतो आहे. मजुरी आपल्याकडेच राहावी, हा आपला जुना हिशोब आता ते मांडू लागलेत. बी कमी आली तर मातोंडच्या बागेला दर चढेल, आणि या अंगणातल्या कारखान्याला वर्षभर पुरेल इतकी बी सिंधुदुर्गातूनच मिळवावी लागेल.