डाव्या कोपऱ्यातलं बटण

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची मांडणी बदलली की माणसांचं काय होतं, हा आजचा विषय. तो ऐकून काहींना वाटलं असेल की हे इंजिनिअर लोकांचं काम, आपला त्याच्याशी काय संबंध. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे खडेबाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानापासून उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडं विंडोज ११ शिरलं. जुन्या मशिनात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसेल, तर कंपनीच्या नियमाप्रमाणं त्यावर ११ चढत नाही. म्हणजे मशीनही नवं घ्यायचं आणि त्यावरची सगळी मांडणीही नव्यानं शिकायची. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा आणि शिकवण्याचा. त्यामुळं या बदलाबद्दल अगदी उलटसुलट बोलणारी माणसं रोज समोर येतात. एकाला ते मनापासून आवडलेलं असतं, तर दुसरा रडकुंडीला आलेला असतो. दोघांचंही म्हणणं खरं आहे असं मला वाटतं. कसं, ते सांगतो.

रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात एक वयस्कर दिवाणजी आहेत. टॅलीवर त्यांची बोटं इतकी झरझर चालतात की बघत राहावं. दुकानात नवं मशीन आलं आणि दोन दिवसांत त्यांचा फोन आला. "सर, ते स्टार्टचं बटण मधी येऊन बसलंय की ओ. आणि एका जागेवर थांबत नाही, सरकतंय." मालक बाजूला हसत होते. त्यांना वाटलं, दिवाणजींचं वय झालं, काहीतरी भास होतोय. मी जाऊन बघितलं. दिवाणजी शंभर टक्के बरोबर होते. विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध मांडलेली असतात. टॅली उघडा, ब्राउझर उघडा, व्हॉट्सअ‍ॅप उघडा, प्रत्येक नव्या चित्रासाठी जागा करायला सगळी रांग थोडी डावीकडं सरकते, आणि रांगेतलं पहिलं असलेलं स्टार्टही सरकतं. चार कामं उघडी असली की ते एका जागी, एकच उघडं असलं की दुसऱ्या जागी. ज्याला बटणाकडं न बघता ते दाबायची सवय आहे, त्याचा हात चुकणारच.

यामागं एक साधं शास्त्र आहे. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये एक नियम मांडला. एखाद्या ठिकाणी हात न्यायला किती वेळ लागेल, हे त्या ठिकाणाचं अंतर आणि आकार यावर ठरतं. लांबचं आणि लहान असेल तर वेळ जास्त, जवळचं आणि मोठं असेल तर कमी. आता पडद्याचा कोपरा घ्या. माउस कितीही जोरात खाली डावीकडं ढकलला तरी बाण कोपऱ्यात जाऊन अडतो, पुढं जायला जागाच नाही. म्हणून कोपऱ्यातलं बटण दिसायला लहान असलं तरी हाताला प्रचंड मोठं असतं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हापासून स्टार्ट त्या डाव्या कोपऱ्यात होतं. मधे एकदा ते काढून बघितलं, त्यावर पुढं येतोच. पण एका पिढीचा उजवा हात त्या कोपऱ्यावर तयार झाला. शहापूर-वडगावात ज्यांच्या घरी हातमाग होता त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. विणकर पायाखाली बघून पाय टाकत नाही. त्याची नजर कापडावर असते, पाय आपोआप पडतो. पायाखालची फळी रात्रीतून हलवली तर सकाळी सूत तुटणार, आणि त्यात विणकराचा काहीच दोष नसणार.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवाणजी मराठी शाळेत शिकले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी निम्मं कन्नड, आणि कॉम्प्युटर इंग्रजीत. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण एकेक शब्द लावून. मेनू उघडला की ते वाचत बसत नाहीत. "वरून चौथं", "उजवीकडचं शेवटचं", "निळ्या चित्राच्या खालचं" असं त्यांचं पाठांतर असतं. इंग्रजी सहज वाचणाऱ्या माणसाचं बटण हललं तर तो दोन सेकंद शोधतो, नाव वाचतो, पुढं जातो. जागेच्या खुणेवर काम करणाऱ्या माणसाचं बटण हललं की त्याचं सगळंच ज्ञान एकदम जातं. त्याला पुन्हा पहिलीत बसवल्यासारखं होतं, तेही मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. तो चिडतो तेव्हा "म्हाताऱ्यांना बदल नको असतो" म्हणून आपण मोकळे होतो. हे अन्यायाचं आहे. त्यानं कमावलेलं कसब कुणी न विचारता काढून घेतलंय, म्हणून तो चिडतोय.

आता दुसरी बाजू. माझ्याकडं खानापूर तालुक्यातली एक मुलगी शिकायला येते. कॉम्प्युटर तिनं कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा हाताळला, पण मोबाइल लहानपणापासून हातात. तिला विंडोज ११ दिलं आणि मी बाजूला उभा राहिलो. तिनं स्टार्ट शोधलंच नाही. कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली, दोन अक्षरं टाइप केली, हवं ते समोर आलं. म्हणाली, "मोबाइलसारखंच आहे की सर, ह्यात काय अवघड?" उजव्या क्लिकच्या यादीत कट, कॉपी, पेस्ट यांची नुसती चित्रं केली म्हणून जुने लोक वैतागले होते. पुढं एका अपडेटमध्ये चित्रांना नावं जोडली गेली. हिला ती चित्रं आधीपासून पाठ. तिच्यासाठी ही मांडणी म्हणजे उघडं दार आहे. जुनी मांडणी तशीच ठेवली असती तर तिला आमच्या पिढीच्या सवयी विनाकारण शिकाव्या लागल्या असत्या. तेव्हा बदल आवडणाऱ्यांना "फॅशनच्या मागं लागलेले" म्हणणंही तितकंच चूक. शिवाय ज्यांना आवडतं ते मला फोन करत नाहीत, दुकानात येत नाहीत. नाराज माणूसच येतो. त्यामुळं आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना नेहमी वाटतं की सगळं गाव नाराज आहे.

राग आला म्हणजे मांडणी वाईट, असंही नसतं. विंडोज एक्सपी आठवतंय ना? हिरवं स्टार्ट, निळी पट्टी, मागं हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. ते ऑक्टोबर २००१ मध्ये आलं तेव्हा जाणकारांनी त्याला लहान मुलांचं खेळणं म्हणून नावं ठेवली होती. आणि ८ एप्रिल २०१४ ला त्याचा सपोर्ट संपला, तेव्हा तेच एक्सपी सोडायला लोक तयार नव्हते. उद्यमबागेत जुन्या मशिनांना जोडलेले काही कॉम्प्युटर मी अजून एक्सपीवर चालताना बघतो, कारण त्या मशिनाचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालतच नाही. ऑफिस २००७ मधल्या रिबनचंही तसंच. वरचे मेनू काढून तिथं बटणांची रुंद पट्टी आली तेव्हा डीटीपीवाले, स्टेनो, सगळे खवळले. पण कंपनीकडं जी नवी सोय मागितली जायची, ती बऱ्याचदा वर्डमध्ये आधीपासून असायची, फक्त मेनूच्या आत दडल्यामुळं कुणाला सापडत नव्हती. रिबननं ती वर आणली. आज नवीन शिकणाऱ्याला जुने मेनू दाखवले तर तोच गोंधळेल.

मग विंडोज ८ चं काय झालं? २६ ऑक्टोबर २०१२ ला ते बाजारात आलं, आणि त्यात स्टार्टचं बटणच नव्हतं. कोपऱ्यात बाण नेऊन थांबायचं, मग काहीतरी उगवायचं, त्यात सेटिंग, सेटिंगमध्ये पॉवर, त्यात शट डाउन. दोन वर्षं आधी आयपॅड आला होता, टॅब्लेटचा बाजार हातातून जाईल ही धास्ती होती, म्हणून बोटानं चालवायच्या पडद्यासाठी केलेली मांडणी माउसवाल्यांच्याही गळ्यात बांधली. टचस्क्रीनचा लॅपटॉप ज्यांनी घेतला त्यांना ती आवडली, हेही खरं. पण माउसवर बसलेल्या माणसाला मशीन बंद कसं करायचं तेच कळेना. माझ्याकडं लोक यायचे ते "बंद कसं करायचं" विचारायला, नाहीतर वायर काढून बंद करून करून बिघडलेलं मशीन घेऊन. कंपनीला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आलं आणि बटण परत आलं, आणि २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये पूर्ण स्टार्ट मेनू परत आला. एक्सपीच्या वेळी कंपनीनं भिंत रंगवली होती. इथं वाटच झाकून टाकली. दोन्ही वेळेला आरडाओरडा झाला, पण पहिला हळूहळू विरला आणि दुसरा विरला नाही. कुठली तक्रार सवयीची आणि कुठली खरी दुखण्याची, हे ओळखायला मी एवढंच बघतो: दोन-तीन महिने वापरून झाल्यावरही माणूस रोजचं काम शोधतच बसलाय का.

विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण खुली असलेली लिनक्स, तिच्या जगातही हेच घडलं, पण शेवट वेगळा झाला. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ ही लिनक्सच्या पडद्याची नवी मांडणी आली. खालची पट्टी गेली, खिडकी लहान-मोठी करायची बटणं गेली. लिनक्सचा मूळ कर्ता लिनस टोरवाल्डस यानं जाहीर टीका केली आणि तो काही काळ एक्सएफसीई या दुसऱ्या मांडणीकडं गेला. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारानं युनिटी ही आपली वेगळी मांडणी पुढं केली. पण तिथं सगळा कोड खुला, म्हणजे कुणीही घेऊन बदलावा असा. नाराज मंडळी नुसती कुरकुरत बसली नाहीत. एका वापरकर्त्यानं जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन मेट सुरू केलं, लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकारवाल्यांनी सिनॅमन ही आपली मांडणी काढली. ज्याला नवं हवं त्यानं ग्नोम ३ घेतलं, ज्याला जुनं हवं त्यानं मेट. २०१७ मध्ये उबुंटूनं युनिटी सोडून ग्नोम परत घेतलं, तोवर ग्नोमही बरंच सुधारलं होतं. तिथं भांडण मिटलं ते निवड हातात होती म्हणून.

अ‍ॅपललासुद्धा हे टळलं नाही. २०१३ मध्ये आयओएस ७ या आयफोनच्या प्रणालीतल्या हलत्या चित्रांमुळं काहींना गरगरायला लागलं, तेव्हा हालचाल कमी करायची सोय पुढं आणावी लागली. २०२५ मध्ये लिक्विड ग्लास नावाची काचेसारखी पारदर्शक मांडणी आली. दिसायला देखणी, मलाही आवडली. पण मागचा फोटो आरपार दिसल्यामुळं अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये काच गडद करायचा पर्याय द्यावा लागला. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो पर्याय पहिल्या दिवशीच असायला हवा होता.

बदल नको असं मी अजिबात म्हणत नाही. माझं म्हणणं, नवी वाट काढा, पण जुनी वाट काही वर्षं चालू ठेवा, आणि ती कुठं आहे हे पहिल्याच पडद्यावर सांगा. आपल्याकडं याचं एक चांगलं उदाहरण रोज बोटांखाली असतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तो १९९१ मध्ये आला, आणि त्यात भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी आहे. इंग्रजी के ची कळ दाबली की मराठीत क आणि कन्नडमध्ये ಕ. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सकाळी मराठीत लग्नपत्रिका आणि दुपारी कचेरीसाठी कन्नड अर्ज टाइप करणारा आपला ऑपरेटर तीच बोटं, तीच जागा वापरतो. त्यानंतर किती विंडोज आली आणि गेली, पण ज्यानं इनस्क्रिप्ट शिकलं त्याला पुन्हा शिकावं लागलं नाही. ज्यांना इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचंय त्यांच्यासाठी फोनेटिक कीबोर्ड वेगळा आला, इनस्क्रिप्ट न काढता. दोन्ही सुखानं नांदतात.

दुकानदार आणि कारखानदारांनाही एक विनंती. लग्नसराईत, जीएसटी भरायच्या आठवड्यात, मार्चअखेरीला मोठं अपडेट लावू नका. सेटिंगमध्ये अपडेट काही आठवडे पुढं ढकलता येतं. आणि नवं मशीन आणलं की ज्याला त्यावर बसायचंय त्याला आधी विचारा. तुमचं मशीन असलं तरी त्यावरचे हात त्याचे आहेत.

तक्रार असेल तर ती पोचवा. विंडोजची कळ आणि एफ एकदम दाबलं की फीडबॅक हब, म्हणजे मायक्रोसॉफ्टला कळवायची जागा, उघडतं. त्यात "आवडत नाही" एवढंच लिहू नका. कुठलं काम, आधी किती पावलं लागायची, आता किती लागतात, ते लिहा. इंग्रजी जमत नसेल तर मुलाबाळांची मदत घ्या, पण लिहा.

दिवाणजींचं बटण मी त्याच दिवशी जाग्यावर आणून दिलं. टास्कबारवर उजवी क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेवियर्स, त्यात अलाइनमेंट, आणि सेंटरऐवजी लेफ्ट. एवढंच. आज कुणी लॅपटॉप बरोबर आणला असेल तर प्रश्नोत्तरं झाल्यावर मागच्या टेबलापाशी या, चार्जरसाठी बोर्ड तिथं लावून ठेवलाय. अक्षरं मोठी करायची, बटण डावीकडं घ्यायचं, मराठी-कन्नड कीबोर्ड चढवायचा, जे हवं ते करून देतो, आणि तुमच्या हातून एकदा करूनही घेतो.