धुळीपलीकडचं केंद्र

(दृश्य: चाळकेवाडीचं पठार, रात्र. कॅमेरा दक्षिणेकडे.)

निवेदन:
वैशाखातली अमावास्या. ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठारावर मध्यरात्र उलटून गेलीय. दक्षिणेला वृश्चिकाची नांगी वर आलीय आणि तिच्या डावीकडे धनू रास. मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या मधल्या पट्ट्यात आकाशगंगा सर्वांत रुंद दिसते. आपल्या दीर्घिकेचं केंद्र तिकडेच आहे, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर.

त्या उजेडात मधूनमधून काळे चट्टे दिसतात. ती पोकळी नाही, धूळ आहे. कार्बन आणि सिलिकेटचे कण, बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान. केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचे 1 लाख कोटी कण घेतले, तर आपल्यापर्यंत जेमतेम एखादा पोहोचतो. दुर्बीण कितीही मोठी आणली तरी या प्रकाशात केंद्र दिसायचं नाही.

डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र वाट काढतो. त्याची तरंगलांबी धुळीच्या कणांहून मोठी असते. सव्वादोन मायक्रॉनच्या आसपास प्रकाशाच्या दहा कणांतला साधारण एक पृथ्वीवर येतो, आणि तेवढा पुरतो.

(दृश्य: ताऱ्याचा वर्णपट, त्यात बारीक काळ्या रेषा.)

केंद्राजवळचा एखादा तेजस्वी तारा निवडायचा. त्याच्या आणि आपल्या मध्ये जो वायू आहे, तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. तिथल्या वायूबद्दल सर्वांत जास्त सांगणाऱ्या रेषा एका साध्याशा रेणूच्या आहेत, H₃⁺ च्या: तीन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, आकार त्रिकोणी. वैश्विक किरण हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात, तो आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भिडतो आणि हा त्रिकोण तयार होतो. ताकेशी ओका यांनी 1980 मध्ये प्रयोगशाळेत त्याचा अवरक्त वर्णपट टिपला. अंतराळात तो सापडायला 1996 उजाडलं. हवाईतल्या मौना केआ पर्वतावरून टॉम गेबॉल आणि ओका यांनी तो शोधला. सोळा वर्षं एका रेणूच्या मागे राहायचं, याला चिकाटी म्हणतात.

पुढे हाच रेणू केंद्राच्या दिशेला भरभरून सापडला, आणि तोही अनपेक्षित अवस्थेत. थंड वायूत रिकामी राहायला हवी अशी एक वरची ऊर्जापातळी तिथे भरलेली होती; प्रत्येक पातळीची रेषा वेगळी, म्हणून हे कळतं. म्हणजे तापमान साधारण उणे 23 अंश सेल्सिअस. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्याहून हे कितीतरी गार. पण दाट आंतरतारकीय ढग उणे 250 अंशांच्या आसपास असतात, त्यांच्यापुढे ही ऊबच.

आता दुसरी खूण पाहा, मला ती पहिलीपेक्षाही सुंदर वाटते. याच रेणूची आणखी एक पातळी, भरलेल्या पातळीहून खालची असूनही, जवळपास रिकामी होती. त्या पातळीवरचा रेणू काही आठवड्यांत आपोआप प्रकाश टाकून खाली उतरतो. वायू दाट असता तर टकरांनी ती पातळी पुन्हा भरली असती. ती भरत नाही, कारण टकरा क्वचित होतात. एका घन सेंटिमीटरमध्ये फार तर शंभरेक कण. दिसलेली रेषा तापमान सांगते, न दिसलेली रेषा विरळपणा.

केंद्राभोवतीचा शेकडो प्रकाशवर्षांचा प्रदेश मुख्यतः दाट, थंड ढगांनी व्यापलाय, असं चित्र त्याआधी होतं. ढग आहेतच, पण मधल्या जागेचा मोठा वाटा या उबदार, विरळ वायूचा निघाला. रेषा जागेवरून किती सरकल्यात हे मोजलं, तेव्हा त्याचा वेगही कळला. त्यातला काही वायू सेकंदाला शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने केंद्रापासून बाहेर, आपल्याच दिशेने पसरतो आहे.