सँ-सीर्क-लापोपीला गाडीने नको, नदीकाठाने चालत जा

[पडद्यावर: कड्यावरचं गाव, खाली हिरवी नदी]

नमस्कार मंडळी. हे जे गाव दिसतंय ना, हे सँ-सीर्क-लापोपी. फ्रान्सच्या नैऋत्य भागात, काओर शहराच्या पूर्वेला, लॉट नदीच्या काठी. काठी म्हणायचं आपलं, गाव चांगलं उंच कड्यावर आहे. २०१२ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी हे फ्रान्सचं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं. उन्हाळ्यात इथे गर्दी मी म्हणते. बारा महिने राहणारी वस्ती मात्र जेमतेम दोनशेची.

बहुतेक पाहुणे काय करतात? पैसे भरून पार्किंगला गाडी लावतात, गल्ल्यांतून खाली उतरतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि निघतात. खुशाल करावं. पण तसं पाहिलं तर गाव नुसतं देखणं वाटतं. एवढ्या अडचणीच्या जागी लोक का राहिले, पोट कशावर भरलं, हे काही उमगत नाही. ते उमगायला खालून, नदीच्या बाजूने यावं लागतं.

म्हणून आज मी तुम्हाला बूझिएसवरून नेणार आहे. बूझिएस हे नदीच्या त्याच काठावरचं, खालच्या अंगाचं छोटं गाव. तिथून सँ-सीर्क साधारण चार-पाच किलोमीटर. वाट बहुतेक सपाट आहे, चढ येतो तो शेवटी. आणि आपण चालणार प्रवाहाच्या उलट दिशेने. ही दिशा लक्षात ठेवा.

[पडद्यावर: कड्यात कोरलेली वाट]

थोडं चाललं की नदी एका उभ्या कड्याला घासून वाहते. तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. मग १८४० च्या दशकात माणसांनी हा चुनखडीचा कडा आतून कोरून काढला. डोक्यावर खडक, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. ही वाट कोणाला फिरायला जाता यावं म्हणून केलेली नाही. ही नावा ओढण्याची वाट आहे.

त्याचं असं झालं. लॉट पुढे गारोन नदीला मिळते आणि गारोन बोर्दो बंदराला जाते. काओरची गडद तांबडी वाईन आणि लाकूड सपाट तळाच्या नावांतून खाली जायचं. नावांना तिकडे गाबार म्हणत. जाताना प्रवाह होता, येताना काय? मीठ आणि खारवलेले मासे भरलेली नाव उलट्या पाण्यात ओढावी लागायची. दोराचं एक टोक नावेला, दुसरं काठावर. काठच नसेल तर दोर धरणारा चालणार कुठून? म्हणून हा कडा फोडला.

आणि एवढं करून उपयोग किती दिवस झाला? १८८६ मध्ये याच खोऱ्यातून काओर ते कापदनाक रेल्वे सुरू झाली. वाईन गाडीत चढली, नावा मागे पडल्या. म्हणजे इतक्या कष्टाने कोरलेल्या वाटेला ऐन कामाची चाळीसेक वर्षं मिळाली. पुढे त्या रेल्वेची प्रवासी वाहतूकही बंद पडली, तिचे रूळ गंजले. वाट मात्र चालू आहे, कारण आता तिच्यावरून तुम्ही-आम्ही जातो.

कड्यात एका ठिकाणी लांबलचक शिल्पपट्टी दिसेल, मासे, शिंपले आणि वळणं-वेलांट्या. लोक तिला प्राचीन समजून हात लावून बघतात. ती दानिएल मोनिए या शिल्पकाराने गेल्या शतकाच्या अखेरीस कोरलेली आहे. मला ती आवडते, पण खरी कारागिरी तिच्या वरच्या छतात आहे, सुरुंग आणि छिन्नीच्या खुणांत. तिथे मान वर करून बघा.

[पडद्यावर: झाडावरचे रंगाचे पट्टे]

आता जरा वाट कशी ओळखायची ते सांगतो. फ्रान्समध्ये पायवाटांवर रंगाचे पट्टे असतात, झाडावर, खांबावर, दगडावर. वर पांढरा, खाली लाल, असा जोडपट्टा म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. इथून जीआर ३६ जाते. एकच पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक, काही तासांत होणारी वाट. पट्टे आडवे असतील तर सरळ चला. त्याच रंगांची फुली दिसली तर तुमची वाट ती नव्हे, मागे फिरा आणि शेवटचा पट्टा शोधा. फोनवर नकाशा असला तरी १:२५,००० चा कागदी नकाशा जवळ ठेवा, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. दरीत मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

शेवटी वाट नदी सोडते आणि गावाकडे चढते. दम लागतो. आणि आता गाव निराळं दिसतं, बघा. खाली नदी, नदीवर बंधारा आणि गिरणी, म्हणजे रोजगार खाली. वर कडा, कड्यावर किल्ला, म्हणजे जकात आणि पहारा वर. मध्ययुगात या किल्ल्यावर एकाचं राज्य नव्हतं, लापोपी, गुर्दों, कार्दायाक अशा सरदार घराण्यांचे वाटे होते. किल्ल्याचे आता अवशेषच उरलेत, पण त्या टोकावर जाऊन नदीचं वळण बघा. एकही नाव नजरेतून सुटली नसती.

गावातले कारागीर लाकूड कातायचे. बॉक्सवूड नावाचं झुडूप इथल्या उतारांवर वाढतं, लाकूड अतिशय घट्ट. त्याच्या तोट्या बनवत, वाईनच्या पिंपाला लावायच्या. खाली वाईनच्या नावा आणि वर पिंपाच्या तोट्या! याच गावात नावाड्यांची एक खाणावळ होती. ती इमारत १९५१ मध्ये कवी आंद्रे ब्रतों यांनी विकत घेतली, तेच ते अतिवास्तववादाचे प्रवर्तक. १९६६ मध्ये ते गेले, तोपर्यंतचे उन्हाळे त्यांनी इथे काढले. घर आजही दाखवतात.

परतीला वेळ असेल तर पठारावरच्या वाटांनी फिरा. या पठाराला कॉस म्हणतात. आणि सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहायचं. आपला काळा कातळ पाणी धरतो, म्हणून गडांवर टाकी खोदता आली. आपल्याला सवय असते, वर गेलं की टाकं सापडेल. इथे चुनखडी. पाऊस पडला की पाणी भेगांतून थेट खाली जातं आणि वर खुरटे ओक, रचीव दगडांच्या भिंती आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. ओढा नाही, झरा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माणशी दोन लिटर पाणी पाठीवर हवंच. मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावा.

ते खाली मुरलेलं पाणी काय करतं, तेही जवळच बघता येतं. बूझिएसपाशी सेले नदी लॉटला मिळते. सेलेच्या खोऱ्यात काब्रेरे गावाजवळ, अशाच मुरलेल्या पाण्याने चुनखडीत पोखरलेली पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ मध्ये दोन पोरांनी आत सरपटत जाऊन तिथली चित्रं शोधली. ठिपक्यांच्या घोड्यांची जोडी सुमारे २९,००० वर्षांपूर्वीची, आणि इथे प्रतिकृती नाही, मूळ चित्रंच दाखवतात. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढा.

जायचं कसं? पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकातून काओरला थेट रेल्वे आहे. काओरहून फिजाककडे जाणारी बस याच खोऱ्यातून जाते. सँ-सीर्कसाठी पलीकडच्या काठावर तूर-द-फोरला थांबा आहे, तिथून पूल ओलांडून चढ. रविवारी फेऱ्या कमी, आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. मोठा पाऊस झाला असेल तर कड्याखालची वाट उघडी आहे का, हे गावातल्या पर्यटन कार्यालयात विचारूनच निघा. ओली चुनखडी भयंकर निसरडी असते, आणि त्या वाटेवर घसरलात तर बाजूला नदीच आहे. हंगाम विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर बूझिएसहून सकाळी आठच्या आत निघा.