कोना पोऱ्या शे?

[दृश्य : नवापूर रेल्वे स्थानक, पहाट. फलाटावरचं बाकडं.]

हे बाकडं अर्धं महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत. पावसाळा सरला की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं पातेली, गोधड्या, लेकरं घेऊन सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला उतरतात. कुणी ट्रकने, कुणी जीपने, कुणी रेल्वेने. ही सीमा ओलांडायला कागद लागत नाही. नाव असतं ते मुकादमाच्या वहीत, तेही बऱ्याचदा अर्धंच.

[दृश्य : पोलीस ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेलं पत्रक.]

‘अनोळखी पुरुष. वय अंदाजे ३५. बांधा सडपातळ, रंग सावळा, उजव्या मनगटावर गोंदण.’

रुळालगत, ढाब्यामागे, नदीपात्रात असं कुणी सापडलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, पत्रक निघतं. कातडी शाबूत असेल तर गोंदण कामी येतं. उघड्या रानात महिने गेले, तर हाती लागतात फक्त हाडं.

त्यांवरूनही पुष्कळ काढता येतं. कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष. मांडीच्या हाडावरून उंची. गळ्याखालच्या हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक सर्वांत उशिरा, पंचविशी-तिशीच्या सुमारास जुळतं. ते सुटं दिसलं तर समजावं, पोरगं कोवळंच होतं. पण नाव सापडत नाही. दातातून डीएनए काढला तरी तो जुळवायला आईचा, बापाचा, लेकराचा नमुना लागतो.

खानदेशात म्हातारी अनोळखी पोराला नाव नाही विचारत. ती विचारते, “कोना पोऱ्या शे रे तू?” कुणाचा पोरगा आहेस? प्रयोगशाळाही शेवटी तेच विचारते.

[दृश्य : समुद्र.]

१८ एप्रिल २०१५. लिबियाहून इटलीकडे निघालेली स्थलांतरितांची बोट भूमध्य समुद्रात बुडाली. शेकडो माणसं गेली. पुढच्या वर्षी इटलीने ती बोट तळातून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ यांनी सहकाऱ्यांसोबत एकेक देह तपासायला घेतला. आफ्रिकेतल्या माली देशाच्या साधारण १४ वर्षांच्या एका पोराच्या जाकिटात हाताला काहीतरी लागलं. शिवण उसवली. आत शाळेची गुणपत्रिका होती, घडी घालून शिवून टाकलेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

अमेरिकेत सीमा ओलांडताना अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मरणाऱ्यांचे नातलग अनेकदा स्वतःच कागदांविना राहतात. नमुना द्यायला पोलिसांकडे जायची त्यांना भीती वाटते. आपल्याकडे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते, ठाण्यात भाषा आडवी येते, आणि तक्रार कुठल्या राज्यात द्यायची तेच उमजत नाही.

ती आपल्या गावच्या ठाण्यात देता येते.

[दृश्य : काठी गाव, होळीची रात्र. ढोल.]

होळीला सातपुड्यातली माणसं असतील तिथून परततात. यंदा काठीच्या होळीला जो आला नाही, फोनही लागत नाही, त्याचं मिसिंग लगेच नोंदवा. आणि जाताना त्याच्या आईला सोबत न्या. कुठला दात पडला होता, लहानपणी झाडावरून पडून कुठला हात मोडला होता, हे तिलाच ठाऊक असतं. मोडून जुळलेल्या हाडावर ती खूण पुष्कळदा वर्षानुवर्षं दिसते.