हे कोणत्या देवाचं?

पुढं या हो, पुढं खुर्च्या मोकळ्या आहेत, मागून हे विमान माशीएवढं दिसंल. हे मिग-२१ लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल. खऱ्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, हे ७२ पट लहान, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीनं ही विमानं बनवली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्यांना निरोप दिला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून ह्याचे सीटबेल्ट लावायलो होतो.

विषय दिलाय 'बारीक डिटेल किती लावायचे'. त्यावर येतोच, आधी बेल्टचं सांगतो.

हे बेल्ट फोटोएचचे. पितळेचा कागदासारखा पत्रा, त्यावर डिझाइन उमटवायचं आणि नको ते ॲसिडला खाऊ घालायचं. चेक देशातल्या एडुआर्डसारख्या कंपन्या असले सेट काढतात, आणि कधीकधी विमानापेक्षा सेटच महाग पडतो, हे घरी बोलायचं नाही. (हशा) तर बेल्टची रुंदी पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, पण ताठा बघा, रुसलेल्या जावयासारखा, सीटवर टेकायलाच तयार नाही. मग गेलो आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, लई वेळ बघितलं आणि म्हणले, "हे कोणत्या देवाचं?"

म्हणलं काका, पायलटचं.

"बरं," म्हणले, आणि दिव्यावर फुंकणीनं एक फुंकर मारली. बेल्ट गेला. म्हणजे पडला नाही, गेलाच, मोहरीहून बारीक मणी झाला. काका शांतपणे म्हणले, "घट धरावी लागती." (हशा) दुसरा बेल्ट मात्र मेणबत्तीच्या ज्योतीतून नुसता फिरवून काढला, गार झाल्यावर उपरण्यासारखा सीटवर पसरला. पितळ तापवून गार केलं की मऊ पडतं, काकांना ते माहीतच होतं, पहिल्यांदा हात जड पडला एवढंच. वर एक मेण लावलेली काडी दिली, ते खडे उचलतात तसली. तेव्हापासून चिमटा बंद. चिमट्यातून 'टिंग' झालेला पार्ट आमच्या फरशीवर आजवर एकदाच सापडलाय, तोही बॅटरी जमिनीला टेकवून सावल्या बघत बघत.

चिठ्ठी आली. भजनी मंडळ बाहेर थांबलंय म्हणे, पाच मिनिटं.

तर मुद्दा. जे बाहेरून दिसतं त्यावर मेहनत घ्या, आणि सगळ्यात आधी कडा. पंखाची मागची कड इथं अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर होती, जवळजवळ दीड इंच, असलं विमान कोण उडवंल? पॉलिशपेपरनं घासा, फुकटात काम. चाकाच्या दारांचं तेच. ब्रेकच्या नळीला जुन्या इअरफोनची तार. अँटेनाला किटचे पार्ट ज्या फ्रेमला चिकटून येतात तिची काडी मेणबत्तीवर धरून ओढायची, केसासारखा धागा निघतो. रिव्हेटच्या मागं लागू नका, ५ मिलिमीटरचं रिव्हेट इथं केसाच्या जाडीएवढं, तुम्ही टोचाल ते मोठंच दिसणार. प्लॅस्टिकचं सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, पितळ काय विरघळतंय, म्हणून पितळेला इन्स्टंट ग्लू. पण काचेजवळ तो नाही! वाफेनं काच पांढरी पडती. तिथं फेविकॉल, वाळला की दिसत नाही.

आता कुणीतरी विचारणार, बेल्ट कुठंयत. ह्या काचेमागं. काच पांढरी पडलीय माझी. आहेत आत, विश्वास ठेवा. परभणीच आहे शेवटी, बनी तो बनी.

हां, बघा हातात घेऊन, पण नाकावरचा पिटॉट, ती वेग मोजायची नळी, सांभाळा, प्लॅस्टिकचा दुसऱ्याच दिवशी मोडला होता म्हणून दोन मापाच्या इंजेक्शनच्या सुया एकात एक घातल्यात. अहो टोचंल... टोचली ना?